आठ महिन्यांचे पाहुणे

हिवाळा तोंडावर आला की मराठी वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' असा तिचा मथळा असतो आणि सोबत एखाद्या तलावावरच्या पक्ष्यांचे छायाचित्र. मार्च-एप्रिलमध्ये तिची जोडबातमी येते, 'पाहुणे परतीच्या वाटेवर'. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पाहुणा म्हटले की मान आला, मेहमाननवाजी आली. परंतु या शब्दाला दुसरी बाजूही आहे. पाहुण्याचा घरात वाटा नसतो. त्याची खोली आपण उद्या दुसऱ्या कामासाठी घेतली तर त्याने तक्रार करायची नसते. तो कितीही दिवस राहिला तरी त्याचे नाव घराच्या कागदावर लागत नाही.

या एका शब्दाची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. तपासणीचे साधन साधे आहे: तारीखवार ठेवलेली नोंद. कोणता पक्षी कुठे, कोणत्या तारखेला दिसला आणि कोणत्या तारखेनंतर दिसेनासा झाला, हे लिहून ठेवणे. महाराष्ट्रात या नोंदीचा इतिहास पाहू गेल्यास त्यात मुस्लिम नावे इतकी ठळकपणे समोर येतात की आपल्या वार्षिकाच्या पानांवर त्यांची सविस्तर दखल घेतली जावी असे आम्हाला वाटते.

मांजरीचा काठ

आम्ही मांजरी-हडपसर भागातली मंडळी. पुण्यात मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि मुळा-मुठा या नावाने नदी पूर्वेकडे वाहू लागते. बंडगार्डन, मुंढवा, खराडी मागे टाकून ती मांजरीला येते. दक्षिण काठावर मांजरी बुद्रुक, उत्तर काठावर मांजरी खुर्द. पुढे कवडीच्या जुन्या बंधाऱ्यावरून ती थेऊरकडे जाते, भीमेला मिळते आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरात पोचते. अरबी समुद्र मांजरीहून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, पण आमच्या नदीने त्याच्याकडे पाठ फिरवलेली आहे.

मांजरी आणि कवडीचे पात्र पक्षी पाहणाऱ्यांना चांगले परिचयाचे आहे. थंडीत येथे चक्रवाकांच्या जोड्या असतात, थापट्या बदके असतात. आमचे लक्ष मात्र लहान, मातकट रंगाच्या, उथळ पाण्यात आणि चिखलात चालून चरणाऱ्या पक्ष्यांकडे अधिक असते. शेपूट सतत वरखाली हलवणारा तुतवार, पाठीवर ठिपके असलेला त्याचा भाऊबंद, चिमणीएवढा टिलवा, थांबत-धावत किडे टिपणारा चिखल्या. शेकाट्या आणि टिटवी तर नदीकाठच्या प्रत्येकाच्या ओळखीचे. शेकाट्यांची येथे गर्दी असते, पण तिच्यावरून पाण्याची परीक्षा करू नये. शहराचे सांडपाणी नदीत उतरते, त्यात अळ्या आणि किडे वाढतात आणि त्यांच्यावर शेकाट्या पोसला जातो. स्वच्छ पाणी लागणाऱ्या इतर पक्ष्यांनी जागा सोडली तरी तो टिकून राहतो.

आता या पक्ष्यांचे वेळापत्रक पाहू. तुतवार आणि हिरवा तुतवार जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्येच, म्हणजे भर पावसात, आपल्याकडे दिसू लागतात. त्यांच्या मागोमाग ऑगस्ट-सप्टेंबरात टिलवा येतो. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात ते निघून जातात. टिलव्याची अंडी-पिल्ले उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात होतात. तेथे बर्फ वितळल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत जो अवकाश मिळतो तो जेमतेम दोन महिन्यांचा. वर्षाचे बारा महिने मांडले तर दोन महिने तिकडे, दीड-दोन महिने प्रवासात आणि उरलेले आठ महिने आपल्याकडच्या चिखलात, असा हिशेब निघतो.

कोणी म्हणेल, जन्म झाला तेच घर. हा न्याय लावायचा तर मुंबई-पुण्याची निम्मी वस्ती पाहुणी ठरेल. जेथे पोट भरते, जेथे पंख गळून नवे येतात, जेथे वर्षातला मोठा काळ जातो, त्या जागेशी असलेले नाते केवळ जन्मस्थानाच्या नावाने पुसता येत नाही.

वहीची परंपरा

पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची आवड या देशात जुनी आहे. बादशाह जहांगीरने 'लैला' आणि 'मजनू' अशी नावे दिलेली सारसांची जोडी पाळली होती. तिचे मीलन, अंडी, उबवणे यांविषयी त्याने आपल्या आत्मचरित्रात जे लिहिले, ते आजही अभ्यासक आदराने वाचतात. त्याच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याने सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले. युरोपातील शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले ते १७७३ साली. डॉ. सलीम अली यांनी १९७८ च्या आझाद स्मृती व्याख्यानांत भारतातील पक्षी-अभ्यासाचा इतिहास सांगताना मोगल बादशहांच्या या निरीक्षणवृत्तीला मानाचे स्थान दिले होते.

दरबारी हौस आणि सार्वजनिक अभ्यास यांत मात्र फरक आहे. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते. या संस्थेच्या दारात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक मुस्लिम मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन गेला, ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकांतूनही सांगितली जाते. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका का, हे त्याला विचारायचे होते. संस्थेचे मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला.

या गोष्टीआधीची एक गोष्ट कमी सांगितली जाते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारण्याचा नाद असताना याच मुलाने एक टिपण करून ठेवले होते. घरट्याजवळ पहारा देणारा नर त्याने मारला, तर थोड्याच वेळात मादीपाशी दुसरा नर हजर. आठवड्यात असे आठ नर मारले गेले आणि दरवेळी मादीला नवा जोडीदार मिळाला. मुलाने हे लिहिले शिकारीची फुशारकी म्हणून. पुढे तोच मोठा पक्षिशास्त्रज्ञ झाला, तेव्हा त्या टिपणाला वेगळी किंमत आली. ज्या क्षणी आपण लिहितो, त्या क्षणी त्या लिहिण्याचा उपयोग आपल्याला ठाऊक असतोच असे नाही.

हा मुलगा लिहून ठेवायला शिकला, त्यामागे घरचे वळणही असावे. सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या मुंबईतील खेतवाडीच्या घरात ते वाढले. सुलेमानी बोहरा समाजातल्या या तय्यबजी कुळात 'अखबार की किताब' नावाच्या वह्या ठेवण्याची रीत होती. घरात एक वही उघडी असे. लहानथोर, स्त्री-पुरुष, आलागेला कोणीही तीत दिवसभराची हकीकत लिहू शके आणि कोणीही ती वाचू शके. आपल्या समाजात लेखनाची परंपरा नव्हती असे आपणच पुष्कळदा म्हणतो. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली ही उघडी वही त्या समजुतीला उत्तर आहे.

किहीम ते साष्टी

१९२९-३० मध्ये सलीम अली बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. त्याच मुक्कामात हेलिगोलंड बेटावरील केंद्रात पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र त्यांनी पाहिले. परत आले तर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा काटकसरीपायी रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून पत्नी तहमीना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तेथे घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर तिच्यावर नजर ठेवून त्यांनी सुगरणीच्या नराच्या संसाराचे कोडे सोडवले. नर अर्धवट घरटे विणतो, मादीने पसंत केले की पुरे करतो आणि पुढच्या मादीसाठी दुसरे विणायला घेतो. कोकणातल्या एका बेकार माणसाच्या वहीतून हे ज्ञान जगाला मिळाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे. सलीम अली आणि त्यांच्या नात्यातले तरुण अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी मिळून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांवर लेखमाला लिहिली. ती १९३६ ते १९३९ या काळात सोसायटीच्या नियतकालिकात आली. कोणता पक्षी बारमाही, कोणता ठराविक ऋतूतला, कोणता केवळ वाटेवरचा, याची जातवार मांडणी तीत आहे. खाडीकाठच्या पक्ष्यांना हंगामांच्या हिशेबात बसवण्याचे आपल्याकडचे हे आरंभीचे मोठे काम. १९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि पक्षी ओळखणे ही साहेबांपुरती असलेली गोष्ट शिकलेल्या सामान्य माणसाच्या हाती आली.

सलीम अलींच्या कीर्तीच्या सावलीत हुमायून अब्दुलअली काहीसे झाकले गेले. १९१४ साली जपानमधील कोबे येथे जन्मलेला हा माणूस आयुष्यभर मुंबईत सोसायटीसाठी राबला. संग्रहातल्या हजारो पक्ष्यांची पद्धतशीर यादी त्यांनी केली, महाराष्ट्राच्या पक्ष्यांची सूची तयार केली. त्यांची मोठी कामगिरी म्हणजे १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा. त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९७२ चा देशव्यापी कायदा येण्याच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. शेतातले बेडूक पकडून त्यांचे पाय परदेशी पाठवण्याचा धंदा बंद व्हावा म्हणून त्यांनी केलेला पाठपुरावाही प्रसिद्ध आहे. बेडूक किडे खातो, तो गेला की शेतकऱ्याचे नुकसान, हे ते आधारानिशी सांगत. १९८७ मध्ये ही निर्यात बंद झाली. हुमायून २००१ साली वारले.

संशय आणि कडे

पाहुणा या शब्दाच्या शेजारीच संशय राहतो. १९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. क्यासनूर जंगलाच्या नावाने हा रोग ओळखला जातो. त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी नाते सांगणारा निघाला. तेव्हा उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असावा, असा तर्क पुढे आला. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम उभी राहिली. पक्ष्यांनी हा रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. मिळाले ते वेगळेच धन. भारतात कडी घातलेले पक्षी हजारो किलोमीटरवर सापडू लागले. तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमियरच्या दलदलीत कडी घातलेला टिलवा सायबेरियात सापडला, तेव्हा दोन टोके एका धाग्याने जोडली गेली.

या मोहिमेत पक्षी पकडायचे कोणी? इजा न करता जिवंत पक्षी जाळ्यात घेणे हे पदवीधरांचे काम नव्हते. त्यासाठी बिहारमधले मीरशिकार आले. पिढीजात पक्षी पकडून विकणारा हा गरीब मुस्लिम समाज. कोणता पक्षी कोणत्या वेळी कोणत्या दिशेने उतरेल, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळत असे. त्यांतल्या अली हुसेन यांचे नाव पक्षी-अभ्यासकांच्या वर्तुळात आजही आदराने घेतले जाते. जे हात पक्षी बाजारात नेत होते, त्याच हातांनी पक्षी पकडून, त्याच्या पायात कडी घातली गेली की त्याला मोकळे सोडले. सलीम अलींचा गौरव करताना या हातांचा उल्लेख राहून जातो.

हा संशय पुढेही संपला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू आढळला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, कोंबडी विकणाऱ्यांचे हाल झाले आणि तेव्हाही स्थलांतरित पक्ष्यांकडे बोट दाखवले गेले. रोगाच्या प्रसारात रानपक्ष्यांचा वाटा असू शकतो, हे शास्त्र नाकारत नाही. परंतु पुरावा तपासण्यापूर्वीच लांबून आलेल्यावर आळ घेणे, ही माणसाची सवय जुनी आहे.

उन्हाळ्यात किनाऱ्यावर

मेच्या मध्यावर मांजरीच्या पात्रातले हे लहान पक्षी दिसेनासे होतात. वही येथे थांबते आणि पाहुणे गेले, असे म्हणणाऱ्याचे खरे वाटू लागते. म्हणून उन्हाळ्यात समुद्रकाठी जायला हवे. पक्षी पाहणारे बहुतेक लोक थंडीत बाहेर पडतात. उन्हाळ्यातली खाडी पाहणारे थोडे.

किहीम-अलिबागची पुळण असो, मुंबईतली शिवडी असो की ठाण्याची खाडी, येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. कोळी आणि दालदी वस्त्यांत ही वेळ तोंडपाठ असते. ओहोटी लागली की खाजणातला चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर पसरून चरतात. भरती चढली की ते आक्रसत किनाऱ्याजवळ येतात आणि थव्याने उभे राहतात. तीच पाहण्याची वेळ. एप्रिलमध्ये पाहावे तर थंडीतले मातकट पक्षी ओळखू येत नाहीत. चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा आलेला असतो, पाणटिवळ्याची मान विटकरी झालेली असते. अंगावर चरबी चढलेली असते. लांबच्या उड्डाणापूर्वी काही जातींचे वजन दीडपट ते दुप्पट होते. ती चरबी या चिखलातल्या किड्यांची आणि शिंपल्यांची असते. सायबेरियात घातल्या जाणाऱ्या अंड्यांमागे कोकणच्या चिखलाचा असा हात असतो.

याच थव्यांत काही पक्षी मातकटच राहिलेले दिसतात. मे संपतो, जून लागतो, रंगलेले पक्षी निघून जातात आणि हे मात्र राहतात. वाकड्या लांब चोचीचा कोरल किंवा मोठे चिखल्ये यांची पहिल्या वर्षाची पोरे बहुधा उत्तरेला जात नाहीत. वीण घालण्याचे त्यांचे वय झालेले नसते, मग एवढा प्रवास कशासाठी? पहिला उन्हाळा ती आपल्याच किनाऱ्यावर काढतात. काही जातींत दुसराही. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या दहा खंडांच्या ग्रंथात (१९६८ ते १९७४) अनेक जातींच्या माहितीत उन्हाळ्यात मागे राहणाऱ्या पक्ष्यांचा उल्लेख आहे.

अशा पोराच्या आयुष्याचा हिशेब करावा. जन्मून अवघ्या काही आठवड्यांत ते आपल्याकडे आले आणि पुढचे वर्षभर, कधी दीड-दोन वर्षे, येथून हललेच नाही. त्याला पाहुणा म्हणायचे कोणत्या आधारावर? पाहुणा हा शब्द थंडीतल्या नोंदींवर उभा आहे. उन्हाळ्याची नोंद ठेवली की तो टिकत नाही.

नोंद नसलेल्याचे काय होते

सायबेरियन क्रौंच भरतपूरला येत असे. मन्सूरने रंगवलेला हाच पक्षी. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तो तेथे आलेला नाही. वाटेतली शिकार आणि वाटेतल्या दलदलींचा नाश ही त्याची मुख्य कारणे सांगतात. साखळीतली एक कडी तुटली तर दोन्ही टोके सुनी पडतात, हा त्याचा धडा.

जेथे नोंद होती, तेथे काही वाचले. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. त्याच वर्षी सोसायटीने काही रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव 'सलीम', दुसऱ्याचे 'हुमायून'. वहीतल्या माणसांची नावे आता पंखांवर गेली आहेत. तरीही मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून एका रात्रीत चाळीसच्या आसपास रोहित मेले. संरक्षण कागदावर आले म्हणजे काम संपले, असे होत नाही.

आमच्या मुळा-मुठेच्या काठीही प्रश्न उभा आहे. येरवडा-कल्याणीनगरजवळचा नदीकाठ सलीम अलींच्या नावाने ओळखला जातो. पुण्यातल्या नद्यांच्या ४४ किलोमीटर काठांच्या सुधारणेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि झाडे, उथळ काठ, पुराचे पाणी यांचे काय होणार म्हणून नागरिक रस्त्यावर उतरले. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. गावाला रस्ते, पाणी, गटारे हवीत, हे आम्ही येथे राहणारे कसे नाकारू? परंतु काठ बांधून सरळ केला की उथळ चिखल जातो, आणि तुतवार-टिलव्यांना खोल पाण्याचा काही उपयोग नाही. येथे कोण राहत होते, हे विचारले जाईल, तेव्हा तारखांनिशी उत्तर देता आले पाहिजे.

त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. एक वही, एक साधी दुर्बीण आणि दर आठवड्याला तीच जागा. मारुती चितमपल्ली यांनी रानावनात हिंडून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली, त्यामुळे नोंद आपल्या भाषेत ठेवता येते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. चितमपल्लींच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतल्या मुलामुलींना त्या आठवड्यात नदीवर नेणे कठीण नाही. पण त्यांना मेमध्येही न्यावे आणि जमले तर कोकणातल्या आजोळी गेल्यावर ओहोटीच्या वेळी खाजणाकडे पाहायला सांगावे. तय्यबजींच्या घरातल्यासारखी एक उघडी वही शाळेत ठेवावी, ज्याने जे पाहिले ते त्याने तारीख घालून लिहावे.

एखादा जीव कुठला, हे त्याच्या जन्मगावावरून किंवा आपण दिलेल्या नावावरून ठरत नाही. तो कुठे, किती काळ, कशावर जगला, यावरून ते ठरते, आणि तेवढे सांगायला कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. पक्षी स्वतःचा दाखला सोबत आणत नाहीत. तो आपण लिहायचा असतो.